दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

पार्सल आलं तेव्हा मी नुकतीच ड्यूटीवरून परतलेले,
बसची घरघर अजून तळपायांत.
खोक्यात, कागदाच्या सात घड्यांखाली
माझा बाप. सत्तावीस वर्षांचा.
नारिंगी सूट, नडगीपासून फाकलेली पँट,
शेजारी बाकीचे तिघे, कुणाचंच पोट सुटलेलं नाही.
द नाइट व्हिसल्स, डेटन, ओहायो.
रात्रपाळी सुटली की फाउंड्रीच्या मागे उभे राहून
भोंग्यात सूर मिसळायचे, म्हणून हे नाव.

तेव्हा पाचशे प्रती निघाल्या.
दोनशे खपल्या, त्यातल्या निम्म्या चर्चमधल्या बायकांनी घेतल्या.
उरलेल्या लेस्टर ट्रॅमेलच्या तळघरात
पुराच्या पाण्यात, कव्हरं पावासारखी फुगून गेल्या.
आणि आता ओसाकाचा कुणी पोरगा
मूळ टेप हुडकतो
चर्चच्या माळ्यावर, नाताळच्या देखाव्यातल्या मेंढरांखाली,
आणि काढतो जाडजूड, मधाच्या रंगाची तबकडी,
बापाच्या तेव्हाच्या आठवड्याच्या पगारात
कशीबशी बसेल अशा किमतीची.
पाठीवर त्याने भरभरून लिहिलंय.
क्लीओफस पिकेन्स, खर्जाचा आवाज: नाव बरोबर,
जन्मगाव चुकलंय.

आमच्या घरातली प्रत
दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात उडी मारायची.
बास गिटार बुडबुडत वर येई, तिघे "ऊऽऽ" धरत,
टक्,
आणि थेट टाळ्या.
आम्ही भावंडं गाणं तसंच शिकलो.
जिन्याची मोडकी पायरी पाय न बघता ओलांडतो, तसं.
टक् झालं की तिघांनी हवेत उडायचं,
हा आमचा नाचच होता, शेजारची पोरं बघायला यायची.
आई ओट्याशी, पिठाच्या हातांनी
बरोब्बर टाळी द्यायची.
ते गाणं लागलं की बाप
सिगारेट ओढायला पोर्चवर जायचा.
मला वाटे, लाजतो.

रविवारी आईकडे नवी तबकडी घेऊन गेले.
व्हर्डेल पिकेन्स, वय ब्याऐंशी,
डाव्या कानात मशीन, उजव्या कानात हट्ट.
ती म्हणाली, एवढी जड? यात पोळ्या लाटायच्या का?
सुई टेकवली.
ना खरखर, ना कढईतल्या तेलाची चरचर.
ड्रमवाल्याने श्वास घेतलेला ऐकू येत होता.
दुसरी बाजू. तिसरं गाणं.
बास गिटार वर आली, "ऊऽऽ" आलं,
आईने टाळी दिली,
एकटीच,
चार मात्रा आधी.

कारण उडी आलीच नाही.
तिथे मोकळ्या जागेत माझा बाप
गात नव्हता, बोलत होता,
विहिरीत घागर उतरावी तसल्या आवाजात:
"मोझेल, दार नुसतं लोटून ठेव.
भोंगा झाला की आलोच."
मग टाळ्या. मग पुढचं सगळं, पाठ असलेलं.

मोझेल.
रताळ्याची पाय घेऊन आलेली एक बाई आठवली,
बापाला पुरलं त्या दिवशी, जांभळी हॅट, दारातच उभी.
आईने ती पाय कापून सगळ्यांना वाढली,
सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.
स्वतः खाल्ली नव्हती.

मी आईकडे बघितलं नाही.
जुनी प्रत काढून खिडकीशी धरली.
त्या ठिकाणी चरा,
पोरांच्या हातून पडतो तसा वेडावाकडा नव्हे.
सरळ. मोजून. शिवणीच्या टाक्यासारखा.

"केसातली पिन होती," आई म्हणाली.
"पितळेची. हल्ली तसल्या मिळत नाहीत."

गाणं संपलं. मधाच्या रंगावर सुई नुसतीच फिरत राहिली.
बाहेर कुणी गाडीचं इंजिन तापवत होतं.
"आवाज मात्र होता हं मेल्याला,"
आणि चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.
"लाव परत."
मी नवी उचलली.
"ती नाही गं.
आपली."